मुक्कामाची अट

माझी लेक अकरा महिन्यांची होती तेव्हा मी उमरेडच्या पुढच्या एका गावात दातांची डॉक्टर म्हणून राहायला गेले. नागपूरच्या एका ट्रस्टचा तिथे छोटा दवाखाना होता. जो डॉक्टर तीन वर्षं त्या गावात काम करील त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते ट्रस्ट भरणार, आणि तीन वर्षं पुरी झाली की उरलेलं कर्जही फेडून टाकणार, अशी त्यांची योजना होती. मधेच सोडलं तर तोवर भरलेलं सगळं परत द्यायचं. बाकी अटी किरकोळ होत्या. एकच ठळक अक्षरात होती : मुक्काम गावातच.

कर्ज माझ्या नावावर आणि जामीन माझे वडील. आम्ही मूळचे उमरेडचे, घरात आजोबांपर्यंत हातमाग चालला. वडिलांनी माग विकून उमरेडलाच कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि मला खासगी कॉलेजात शिकवण्यासाठी राहतं घर बँकेकडे गहाण ठेवलं. पास झाल्यावर मी सीताबर्डीत, व्हरायटी चौकाजवळच्या एका क्लिनिकमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली लागले. शहरात नव्या डेंटिस्टला जे मिळतं त्यात हप्ता कसाबसा जायचा. नवरा मोबाइल दुरुस्तीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता, त्याच्या पगारावर घर चालायचं. लेक झाली, मी काही महिने घरी बसले, हप्ते थकले. मग बँकेची माणसं वडिलांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसू लागली. वडील मला काही बोलले नाहीत. आईनं फोनवर सांगितलं.

म्हणून ट्रस्टची जाहिरात दिसली तेव्हा मी फार विचार केला नाही. त्यांचं ऑफिस धरमपेठेत होतं. सचिव साठीच्या पुढचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. मला बेटा म्हणाले, लेकीला मांडीवर घेऊन तिच्या हातात बिस्कीट दिलं, आणि म्हणाले की गाव चांगलं आहे, लोक साधे आहेत, फक्त आजवर कुणी डॉक्टर टिकला नाही. का टिकला नाही ते मी विचारलं. शहराची सवय, असं ते म्हणाले. मी सही केली.

दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. समोर पटांगण, पटांगणात हातपंप, आणि त्याच बोअरवर मोटर बसवून दवाखान्याच्या टाकीत पाणी चढवलेलं. सामान लावून झाल्यावर नवऱ्यानं पंपाखाली तोंड धुतलं, ओंजळीनं पोटभर पाणी प्यायलं आणि म्हणाला, नागपूरच्या नळापेक्षा गोड आहे. ते खरंच होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ, गार, कसलाही वास नाही. साबणाला भरपूर फेस यायचा. तुरीची डाळ दोन शिट्यांत मेण व्हायची. गावातल्या बायकांना त्या पाण्याचा अभिमान होता. जुन्या विहिरीचं पाणी जड होतं, शिवाय होळीच्या सुमारास ती आटायची. बोअर झाली तेव्हापासून विहिरीकडे कुणी फिरकत नव्हतं.

लेकीला सांभाळायला गावातल्याच एक मावशी मिळाल्या. वय पन्नाशीच्या आसपास, बांधा काटक, आणि दात असे पांढरे सलग, की डेंटिस्टनं बघत राहावं. फक्त त्यांची पाठ वाकत नसे. लेकीला उचलायचं तर त्या पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून खाली जायच्या आणि तशाच वर यायच्या. कुणी मागून हाक मारली तर मान न वळवता अख्ख्या वळायच्या. वाताचा त्रास आहे, म्हणाल्या. गावात सगळ्यांनाच आहे.

पहिल्या दिवशी दवाखान्यात बरीच गर्दी झाली. मला लवकरच एक गोष्ट खटकायला लागली. लोक हसत होते, पण ओठ मिटून. मुलं बोलताना तोंडासमोर हात धरत होती. एका शाळकरी मुलीला मी खुर्चीत बसवलं, आ कर म्हटलं, आणि दिव्याखाली तिचे समोरचे दात पाहिले. खडूसारखे निस्तेज पांढरे, त्यावर आडवे तपकिरी पट्टे, कडांना बारीक खड्डे. असे दात मी तोवर फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिले होते. तिच्या मागे तिचा भाऊ बसला. त्याचेही तसेच. मग शेजारची मुलगी. मग एक तरणा माणूस, दाढ दुखते म्हणून आलेला. त्याचे तर चॉकलेटी झालेले.

आठवडाभरात मला त्या गावाची वाटणी कळली. ज्यांचे दात पट्ट्यांचे ते याच गावात जन्मलेले, वाढलेले. ज्यांचे पांढरे त्या लग्न होऊन आलेल्या सुना. एका घरात सून स्वच्छ दातांनी बोलत असायची आणि तिच्या पदराला धरून उभ्या असलेल्या मोठ्या पोराचे पुढचे पक्के दात नुकतेच डागाळून वर येत असायचे. आणि या सुना म्हाताऱ्या झाल्या, की दात तसेच पांढरे राहून त्यांच्या माना आखडायच्या, पाठी आखडायच्या, टाचा टेकवताना त्या भिंत धरायच्या. मावशी एकट्या नव्हत्या.

पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असं होतं. पाणी खोलवरच्या खडकातून येतं, दिसायला उत्तम असतं, उकळून उपयोग नसतो, उलट आटून आणखी दाट होतं. मोठ्यांच्या हाडांवर ते वर्षानुवर्षं चढत जातं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक ठरावीक काळ असतो. मुलाच्या तोंडात दुधाचे दात दिसत असतात, तेव्हा त्यांच्या मागे, हिरडीच्या आत, पक्के दात घडत असतात. समोरचे वरचे दोन दात, ज्यांनी माणूस हसतो, ते साधारण पहिल्या वाढदिवसानंतर आणि तिसऱ्याच्या आत घडतात. त्या काळात मूल जे पाणी पितं ते त्या दातांवर उतरतं. उतरलेलं लगेच दिसत नाही. दात उगवतो सातव्या वर्षाच्या सुमारास, आणि तेव्हा कळतं.

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. दुपारी दोन पेशंटच्या मधे मी मागे गेले, तर मावशी लेकीला मऊ वरणभात भरवत होत्या. प्रत्येक घासानंतर स्टीलच्या वाटीतून पाण्याचा घोट देत होत्या. लेक मजेत पीत होती. मी ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

नवरा नोकरीसाठी नागपूरलाच राहायचा. शनिवारी तो आला तेव्हा मी पाण्याची बाटली भरून त्याच्याजवळ दिली आणि तपासणीला टाकायला सांगितली. निकाल यायला काही दिवस लागले. मर्यादेच्या बरंच वर. तो कागद घेऊन मी सरपंचांकडे गेले. त्यांना नवीन काहीच नव्हतं. त्यांनी मला शाळेजवळच्या हातपंपावर नेलं आणि दांड्याखाली पुसट झालेला लाल रंग दाखवला. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तपासून तो फासून गेलं होतं. पिऊ नका, असा त्याचा अर्थ. पंप चालूच होता, आम्ही बघत होतो तेव्हा दोघी जणी पाणी भरत होत्या. पुढे ग्रामपंचायतीमागे पत्र्याच्या खोलीत पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. उद्घाटनानंतर काही महिने चाललं, मग आतली जाळी बदलायला पैसे आले नाहीत. खोलीच्या कडीला बकरी बांधलेली होती.

मग आम्ही नागपूरहून पाणी आणायला लागलो. नवरा दर शनिवारी एसटीनं यायचा, दोन्ही हातांत वीस लिटरचे कॅन. कंडक्टर कटकट करायचा, कधी सामानाचं तिकीट काढायला लावायचा. ते पाणी फक्त लेकीचं. तिचं पिणं, तिचं दूध, तिचा भात. मी स्वतः टाकीचंच पीत होते, आम्हा दोघींना पुरेल एवढं येत नव्हतं. मावशींना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे खांद्यांसकट अंग हलवलं, आणि हाव म्हणाल्या.

पण लेक चालायला लागली होती. एका सकाळी पटांगणात मुलांचा गलका ऐकू आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. मोठी पोरं दांड्याला लोंबकळून पंप मारत होती आणि माझी लेक धारेखाली उभी होती, तोंड वर करून, आ करून, जसं मी पेशंटना करायला सांगते तसं. गळ्यावरून पाणी वाहत होतं. मावशींची नात तिच्याच वयाची, ती शेजारी आपल्या पाळीची वाट बघत होती.

मी बाहेर धावले, लेकीला उचललं, आणि मावशींवर आवाज चढवला. त्यांनी माझं ओरडून होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पोरीचं पाणी नागपूरवरून येते. माह्या नातीचं मी कुठून आणू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. दोन्ही पोरी एकमेकींच्या ओल्या फ्रॉकना हात लावून हसत होत्या. त्या दिवसापासून मी कॅनमधलं पाणी नातीलाही द्यायला सांगितलं.

मग ते पाणी आठवडाभर पुरेना. शिवाय दोन-तीन आया दुपारी लोटा घेऊन येऊन उभ्या राहू लागल्या. त्या काही मागत नसत. दाराशी उभ्या राहून माझ्या तब्येतीची चौकशी करत, लेकीचं कौतुक करत, आणि नजर खोलीतल्या कॅनवर असे. एक-दोनदा मी दिलं. मग नाही म्हणाले. मग कॅन आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवले. मॅडमच्या पोरीचं पाणी वेगळं आहे, हे एव्हाना गावभर झालं होतं. आमच्या पाण्यात काय खराबी आहे, ही बाई आमच्या पोरींची लग्नं मोडवेल, असं कुणी म्हणाल्याचं मावशींनी सांगितलं. दवाखान्यात येणारे कमी झाले. रस्त्यानं जाताना बायका बोलणं थांबवायच्या.

लग्नांचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच सुमारास एक मुलगी आईबरोबर आली. तिला बघायला पाहुणे येणार होते. त्याआधी एका ठिकाणचे बघून गेले होते आणि निरोप आला नव्हता. ती राख आणि मीठ घेऊन दात घासत बसायची, हिरड्या सोलून निघाल्या होत्या. मी तिला सांगितलं की डाग वरचा नाही, आतला आहे, घासून जाणार नाही. तिनं विचारलं, म्हणजे मी लहान असतानाच झालं होतं का हे. मी हो म्हटलं. ती आईकडे बघत राहिली. आईचे दात चांगले होते. माझ्याकडे होतं तेवढ्या सामानात मी तिच्या समोरच्या दातांवर थर बसवून दिला आणि काही वर्षांत तो निघेल हेही सांगितलं. काही वर्षं पुरेत, म्हणाली तिची आई.

आणि मग एका सोमवारी मी दवाखाना आटोपून मागे आले तर आतल्या खोलीची फरशी ओली होती. दोन दिवसांपूर्वी आणलेले दोन्ही कॅन पलंगाखालीच होते, तोट्या उघड्या, आत थेंब नाही. कुलूप जागच्या जागी. मागच्या खिडकीचा एक गज आधीपासूनच सैल होता. काहीही चोरीला गेलं नव्हतं. कुणी पाणी नेलंही नव्हतं, नुसतं सोडून दिलं होतं. मावशींनी फडकं घेतलं आणि फरशी पुसली. पोलिसांत जाण्यासारखं त्यात काय होतं? सांडलेलं पाणी. पण त्यानंतर मला त्या घरात पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं वाटायचं, आणि मीही मावशींसारखी अख्खी वळून बघायचे.

मी नागपूरला जाऊन सचिवांना भेटले. मला उमरेडला आईकडे राहू द्या, असं मागितलं. तिथे नळाला तलावाचं पाणी येतं. रोज सकाळच्या एसटीनं येईन, संध्याकाळी जाईन, दवाखाना एक दिवस बंद ठेवणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तपासणीचा कागद वाचला आणि घडी घालून मला परत केला.

म्हणाले, "बेटा, पाण्याचं काम सरकारचं. आपलं दातांचं. तुम्ही तिथं राहता म्हणून तर आम्ही भरतो."

मी म्हटलं, माझी मुलगी लहान आहे. ते म्हणाले की आधीच्या डॉक्टरांची अडचणही हीच होती, त्या सोडून गेल्या, आणि त्यांच्या वडिलांना फार त्रास झाला. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, असंच दिसत होतं. त्यांनी मला चहा दिला.

त्या महिन्यापासून ट्रस्टनं नवीन पद्धत सुरू केली. रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या पाटीसमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, ठिकाण आणि वेळ त्यावर उमटलेली. सगळ्याच डॉक्टरांसाठी आहे, असं ऑफिसातून कळवलं. त्यांच्या योजनेत त्या वेळी मी एकटीच होते.

नवरा म्हणाला, सोडून दे, बघू काय होते ते. मी वडिलांच्या दुकानातलं ते बाकडं डोळ्यांसमोर आणलं आणि नाही म्हटलं. आम्ही लेकीला उमरेडला आईकडे पाठवायचं ठरवलं. तेव्हा ती दोन वर्षांची होऊन गेली होती. म्हणजे जो काळ टाळायचा तो अर्धाअधिक होऊन गेला होता. त्या काळात तिच्या पोटात कॅनचं पाणी किती गेलं आणि पंपाचं किती, शेजारच्या घरी कुणी किती वेळा वाटीभर वरण पाजलं, याचा मला आजही अंदाज नाही.

तिला सोडायला गेले त्या दिवशी आई दारातच उभी होती. लेकीला माझ्याकडून घेतलं आणि मला म्हणाली, "तू रडू नको वं. ती पाहून राहिली." मग मी हातपाय धुतले, जेवले, आणि फोटोची वेळ व्हायच्या आत परत जायची बस पकडली.

पुढे दीड वर्षाहून अधिक काळ मी एकटी त्या क्वार्टरमध्ये होते. रविवारी उमरेडला जायचे आणि संध्याकाळच्या फोटोला परत यायचे. लेक सुरुवातीला मला सोडत नसे. काही महिन्यांनी सोडू लागली. मग मी आले की आधी आईच्या मागे जाऊन उभी राहायची. ती आजीलाच आई म्हणायला लागली होती आणि मला मॅडम, कारण मावशी घरकामाला येतच होत्या आणि फोनवर त्यांच्या तोंडून ती तेच ऐकायची.

गावात मात्र मी एकटी राहायला लागल्यावर लोक पुन्हा येऊ लागले. माझं पाणी आता वेगळं नव्हतं. तेच कारण असणार. मी तेच पीत होते, त्याच पाण्यात माझी डाळ दोन शिट्यांत शिजत होती. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी उतरलं. पंचायतीनं गाडी बोलावून बोअर आणखी खोल मारून घेतली. पाणी लागलं तेव्हा लोकांनी नारळ फोडला, मलाही प्रसाद दिला. जितकं खोल जावं तितकं पाणी वाईट, हे मी सरपंचांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मॅडम, उन्हाळ्यात काय पाजू मग. त्यांचेही समोरचे दात तपकिरी होते. त्यानंतरच्या थंडीत मला सकाळी उठल्यावर टाचा टेकवणं जड जायला लागलं. दिवसभर पेशंटवर वाकून उभं राहण्याचाही तो परिणाम असू शकतो. नवऱ्याला मी तेच सांगितलं.

दरवर्षी ट्रस्टची मंडळी पाहणीला यायची. गाडीच्या डिकीत सीलबंद बाटल्यांचा खोका असायचा. शेवटच्या वर्षी मावशींनी त्यांच्यासाठी चहा केला. सचिवांनी कप हातात घेतला, दवाखान्याची स्तुती केली, आणि न पिता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. त्यांच्या गाड्या गेल्यावर मावशींनी गार झालेले कप उचलले आणि मला विचारलं, "साखर कमी पडली होती काय वं?"

तीन वर्षं पुरी झाली. ट्रस्टनं शब्द पाळला, पैन्‌पै भरली. नागपूरला छोटा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ, आणि मी ग्रामीण भागाची सेवा कशी केली यावर सचिव बोलले. घराचे कागद बँकेतून सुटून आले त्या दिवशी वडिलांनी ते देव्हाऱ्यासमोर ठेवले, मग लेकीला मांडीवर घेतलं, आणि तिच्या हनुवटीला धरून तिचं तोंड बराच वेळ बघत राहिले. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असावं. तेव्हा तिच्या तोंडात दुधाचे दात होते, मोत्यासारखे.

आता ती पहिलीत आहे. आम्ही नागपूरला असतो, मी पुन्हा दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम करते, आणि ती मला आई म्हणते. मागच्या वर्षी तिचे खालचे दोन पक्के दात आले. नवरा म्हणाला, छान आहेत. मी तिला क्लिनिकमध्ये नेऊन दिव्याखाली बघितले. दात वाळवला की त्यावर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, पातळ कापडातल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारख्या. दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत. पण खालचे दात लवकर घडतात, आम्ही गावात गेलो त्याच्या आधीच त्यांचा बराच भाग झाला होता. वरचे नंतरचे. वरचा एक दुधाचा दात आता हलतो आहे. ती जिभेनं तो पुढे-मागे करत बसते आणि मला दाखवते. मी बघते आणि घाई करू नको म्हणते.

दिवाळीच्या आधी मला एका मुलीचा फोन आला. कुठूनतरी नंबर मिळवला होता. नुकतीच पास झालेली डेंटिस्ट, ट्रस्टनं तिला तीच जागा देऊ केली होती. गाव कसं आहे, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. पाण्याचं, पंपाचं, मशीनच्या खोलीचं, फोटोचं. काही लपवलं नाही. तिला विषय माहीत होता, आम्ही एकच पुस्तक शिकलो. तिनं मधे मधे हो म्हटलं. मग मी तिला मुलं आहेत का विचारलं. ती म्हणाली की पाचवा महिना आहे. मी म्हटलं, तिथे जाऊ नको. ती म्हणाली, विचार करते मॅडम, आणि मग विचारलं की जॉइन झाल्यावर पहिला हप्ता ट्रस्ट त्याच महिन्यात भरतं की पुढच्या.

महिन्याभरानं मावशींचा फोन आला. नवीन मॅडम आल्यात, म्हणाल्या, पोटुशी आहेत, स्वभावानं चांगल्या आहेत. मावशींच्या नातीला शाळेत घातलं होतं. तिचा वरचा एक दात आला आहे का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर पाण्याचे दोन कॅन बांधून गावाला गेलो. लेकीला आईकडे उमरेडला उतरवलं. नवीन डॉक्टर दारात आली तेव्हा हात कमरेवर होता. चेहरा फार कोवळा. कॅन बघून ती ओशाळली, पैसे घ्या म्हणाली, आणि आम्ही घेत नाही म्हटल्यावर तिनं ते आतल्या खोलीत, पलंगाखाली सरकवले. खिडकीचा सैल गज बदलून घे, असं मी तिला म्हटलं. ती हसली. मग तिनं आमच्यासाठी चहा टाकला. टाकीच्या नळाचं पाणी पातेल्यात पडताना मी ऐकत होते. आम्ही दोघांनी तो चहा पूर्ण प्यायला.

परत येताना उमरेडचा नाका आला तेव्हा नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली.

"तू तिले नीट सांगितलं ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, सांगितलं. फोनवर एकदा आणि आज समोर एकदा.

"मंग ते काहून राहून राहिली तिथं?"

मी म्हटलं की पहिला हप्ता भरला गेला आहे. त्यावर त्यानं गाडी सुरू केली, आणि आम्ही लेकीला घ्यायला आईच्या घरी गेलो.